फिडोनेट-पद्धतीच्या बीबीएसवर नेटमेलचे मार्ग कसे लावावेत

टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ साली फिडोनेट हे बुलेटिन बोर्डांचे जाळे सुरू केले, तेव्हा एका बुलेटिन बोर्डाकडून (बीबीएस, म्हणजे दुरून जोडून संदेश वाचण्या-लिहिण्याच्या संगणकाकडून) दुसऱ्याकडे पत्र मोडेमवरून थेट जात असे. नोड, म्हणजे जाळ्यातील असे बोर्ड, वाढत गेले तसे प्रत्येकाने प्रत्येकाला फोन लावणे अशक्य झाले आणि पत्र टप्प्याटप्प्याने पुढे पाठवण्याची व्यवस्था करावी लागली, ‘झोन:नेट/नोड.पॉइंट’ ही आजची पत्तापद्धत त्यातूनच घडत गेली. आता बहुतेक नोड बिंकडीसारख्या मेलरच्या (पत्रांची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामच्या) साहाय्याने इंटरनेटवरून, २४५५४ या पोर्टवर, एकमेकांशी जोडले जातात आणि फोनबिलाचा प्रश्न उरलेला नाही. मार्ग मात्र अजूनही हातानेच लावावे लागतात, आणि ते चुकले तर पत्र हरवल्याची सूचना सहसा कोणाकडूनच मिळत नाही.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. एकोमेल, म्हणजे सार्वजनिक चर्चेचा मजकूर, मार्गाच्या नियमांनी चालत नाही. ज्या चर्चा-क्षेत्राला जे नोड जोडलेले असतील त्या सर्वांना टॉसर (पत्रे वाटून लावणारा प्रोग्राम) त्याच्या प्रती देतो आणि ‘सीन-बाय’ व ‘पाथ’ या ओळींवरून प्रत कोणाकोणाला मिळाली हे ओळखतो. तिथे पाळायचा नियम एवढाच की एकच क्षेत्र दोन अपलिंकांकडून (आपली पत्रे ज्यांच्यामार्फत येतात-जातात अशा वरच्या नोडांकडून) घेऊ नये. मार्गांचे नियम लागू होतात ते नेटमेलला, म्हणजे एका व्यक्तीने दुसरीला लिहिलेल्या पत्राला.

समजा, आपला नोड ९९:१००/२० आहे, अपलिंक ९९:१००/१ आहे, ९९:१००/३५ या नोडशी आपला थेट संबंध आहे आणि आपल्याकडे ९९:१००/२०.१ हा एक पॉइंट (आपल्याच नोडामार्फत पत्रे घेणारा वापरकर्ता) आहे. (येथे अंक देवनागरीत लिहिले असले, तरी कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ते रोमन लिपीतीलच हवेत.) या मांडणीत तीनच निर्णय घ्यायचे आहेत: पॉइंटचे पत्र ‘होल्ड’ ठेवायचे, म्हणजे तो स्वतः जोडला जाईल तेव्हाच ते त्याला द्यायचे, ३५ चे पत्र ‘क्रॅश’ म्हणून लगेच आणि थेट पाठवायचे, आणि बाकी सारे ‘नॉर्मल’ म्हणून अपलिंककडे सोपवायचे. हस्की प्रकल्पातील एचपीटी या टॉसरमध्ये शेवटचा निर्णय ‘रूट नॉर्मल ९९:१००/१ *’ अशा एका ओळीत मावतो, आणि थेट पाठवायच्या पत्त्यांसाठी मधल्या नोडाच्या जागी ‘नोरूट’ हा शब्द येतो.

ओळींच्या क्रमाकडे नीट लक्ष द्यावे. काही प्रोग्राम पहिली जुळणारी ओळ मानतात, तर काहींत नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते. आपला टॉसर कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय फाइलला हात लावू नये. पहिल्या प्रकारात सर्वव्यापी तारांकन (*) अगदी शेवटी यायला हवे. ते वर राहिले तर खालचे सारे अपवाद निकामी ठरतात, आणि पत्रे अपलिंकमार्गे पोचतच असल्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

तारांकन वापरतानाही सावध राहावे, कारण अनेक टॉसर पत्त्याची तुलना संख्या म्हणून न करता अक्षरांची ओळ म्हणून करतात. ‘९९:१००/३*’ असा नमुना लिहिला की ३, ३५ आणि ३०० हे तिन्ही नोड त्यात सापडतात. ३५ व त्याचे पॉइंट एवढेच अभिप्रेत असतील तर ‘९९:१००/३५’ आणि ‘९९:१००/३५.*’ असे दोन्ही नमुने लिहिणे माझ्या मते सर्वांत सुरक्षित होय.

अपलिंकशी ठरवायचे पासवर्ड दोन असतात: एक मेलरच्या जोडणीचा, दुसरा पॅकेटचा, म्हणजे पत्रे एकत्र बांधलेल्या फाइलचा. पहिला बिंकडीच्या फाइलमधील ‘नोड’ या ओळीत लिहितात, दुसरा टॉसरमध्ये, आणि पॅकेटच्या शीर्षात त्याला आठच अक्षरांची जागा आहे. जोडणी व्यवस्थित होते पण टॉसर पॅकेट बाजूला टाकतो, असे दिसले तर आधी हा दुसरा पासवर्ड तपासावा.

नियम बरोबर लागले की नाही हे आउटबाउंड, म्हणजे पाठवायच्या पत्रांच्या, डिरेक्टरीत दिसते. फाइली ठेवण्याच्या बिंकली पद्धतीत फाइलचे नाव नेट आणि नोड यांच्या प्रत्येकी चार षोडशमान (१६ च्या पायाच्या) अंकांचे असते. १०० म्हणजे षोडशमानात ६४, म्हणून अपलिंकची फाइल ‘००६४०००१’ या नावाने तयार व्हायला हवी. न गुंडाळलेल्या (संकुचित न केलेल्या) पॅकेटचे विस्तारनाम नॉर्मलसाठी ‘आउट’, क्रॅशसाठी ‘कट’ आणि होल्डसाठी ‘हट’ असते. गुंडाळलेल्या बंडलांची यादी ‘एफएलओ’, ‘सीएलओ’ किंवा ‘एचएलओ’ फाइलमध्ये असते. आपल्या मूळ झोनखेरीज अन्य झोनसाठी डिरेक्टरीच्या नावाला झोनचा षोडशमान क्रमांक जोडला जातो. टॉसरने एका डिरेक्टरीत लिहावे आणि मेलरने दुसरीकडे पाहत बसावे, हा प्रकार बहुधा इथेच घडतो. फाइल योग्य जागी असूनही पत्र हलत नसेल, तर मेलर मध्येच बंद पडून मागे राहिलेली ‘बीएसवाय’ कुलूप-फाइल शोधावी आणि त्या वेळी कोणताही प्रोग्राम चालू नाही याची खात्री करून ती पुसावी.

दुसऱ्यांची पत्रे पुढे पाठवणाऱ्या नोडाने फेऱ्याचा, म्हणजे पत्र दोन नोडांमध्ये गोल फिरत राहण्याचा, विचार आधी करायला हवा. आपल्या हाताखाली ९९:१००/५० हा नोड आहे असे अपलिंक मानत असेल, आणि आपण तो काढून टाकला असेल, तर अपलिंककडून आलेले त्याचे पत्र आपले तारांकन पुन्हा अपलिंककडेच पाठवील आणि अपलिंक ते परत करील. म्हणून नोड काढताना अपलिंकला कळवावे आणि तोवर त्याची पत्रे होल्ड ठेवणारी ओळ राहू द्यावी. अशा वाटेवरच्या पत्रांत ‘प्रायव्हेट’ ही खूण असली तरी मजकूर कूटबद्ध नसतो; मधल्या प्रत्येक सिसॉपला (बोर्ड चालवणाऱ्याला) तो वाचता येतो.

चाचणीसाठी नोडलिस्टमध्ये (नोडांच्या यादीत) ‘पिंग’ हा फ्लॅग असलेला दूरचा नोड निवडून, ‘पिंग’ याच नावाने त्याला नेटमेल पाठवावे. तिथला रोबॉट आपल्या पत्रातील ‘व्हाया’ ओळी उत्तरात उद्धृत करतो. पत्र पुढे पाठवणारा टॉसर किंवा ट्रॅकर अशी एक ओळ वेळेसह जोडत असल्याने जातानाची वाट त्यावरून वाचता येते. खुद्द उत्तराच्या शेवटी असलेल्या व्हाया ओळी परतीची वाट सांगतात, आणि ती वेगळी निघाली तर आपली फाइल दुरुस्त करण्याचे कारण नाही, कारण परतीचे नियम समोरच्या नोडाचे आणि मधल्या हबांचे (पत्रे पुढे पाठवणाऱ्या नोडांचे) असतात.