ऑन्टॅरिओचा हिवाळा आणि नवी गाडी : रंग कमी खर्चात कसा जपावा

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन किंवा वॉटर्लूच्या परिसरात पहिलीच नवी गाडी घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर दोन टोकांचे सल्ले मिळतात. विक्रेता सांगतो की शेकडो, कधी कधी हजारापेक्षाही जास्त डॉलरचे ‘पेंट प्रोटेक्शन पॅकेज’ घेतल्याशिवाय रंग मिठात टिकणार नाही. तर ओळखीची मंडळी सांगतात की आजकालच्या गाड्यांना काही होत नाही, उन्हाळ्याआधी एकदा धुतली की झाले. मला हे दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. साधारण १०० ते १५० कॅनेडियन डॉलरचे साहित्य, ऑक्टोबरमधील एक मोकळा दिवस आणि हिवाळाभर वेळच्या वेळी गाडी धुण्याची शिस्त एवढ्यावर नव्या गाडीचा रंग उत्तम राहू शकतो. मात्र त्यासाठी रंगाचे नुकसान नेमके कशाने होते हे आधी समजून घ्यावे लागते, कारण पैसे वाया जातात ते बहुधा चुकीच्या शत्रूशी लढण्यात.

येथील रस्त्यांवर पडणारे मीठ म्हणजे मुख्यतः खाणीतले खडेमीठ. ऑन्टॅरिओतच, गोडरिच येथे, ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली जगातील सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. साध्या मिठाचा बर्फ वितळवण्याचा गुण उणे १० अंशांच्या आसपास झपाट्याने कमी होतो, म्हणून अधिक थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची द्रावणे वापरतात. टोरांटोत कडाक्याच्या थंडीत बीटचा रस मिसळलेले खारे पाणीही फवारले जाते. ही द्रव्ये हवेतली ओल शोषून घेतात. त्यामुळे वर कोरडा दिसणारा पांढुरका थर पुन्हा पुन्हा ओलसर होत राहतो, आणि त्यात रस्त्यावरची वाळू व बारीक खडी अडकून बसते.

नव्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. या सगळ्यांची एकत्र जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअरकोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. हा थर अखंड असेल तर एका हिवाळ्याच्या मिठाने त्याचे फारसे बिघडत नाही. खरे नुकसान होते ते तीन ठिकाणी : खडी लागून टवका उडतो आणि मिठाला पत्र्यापर्यंत वाट मिळते, वाळू अंगावर असताना कोणी फडके फिरवले की क्लिअरकोटवर बारीक चरे पडतात, आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी व डिकीच्या सांध्यांमध्ये खारा चिखल महिनोन् महिने साचून राहतो. दुकानातले कोणतेही रसायन यांपैकी पहिल्या धोक्याला अडवू शकत नाही. सिरॅमिक लेपसुद्धा, म्हणजे रंगावर चढवून कडक होणारा महागडा रासायनिक थरसुद्धा, खडीपुढे टिकत नाही, कारण तो काही मायक्रॉनहून जाड नसतो. म्हणून मोजका पैसा असेल तेव्हा महागड्या लेपापेक्षा धुणे आणि टवके बुजवणे यांना वरचे स्थान द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी फुकटात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. विक्रेत्याला लेखी कळवावे की गाडी धुऊ नये, पुसू नये, पॉलिश करू नये; वाहतुकीसाठी लावलेले प्लॅस्टिक काढून तशीच द्यावी. घाईत, एकाच फडक्याने अनेक गाड्या पुसल्या गेल्या की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे चरे पहिल्याच दिवशी पडलेले असतात, आणि ते घालवायचे तर क्लिअरकोटच घासून थोडा कमी करावा लागतो. नव्या रंगाला मेण लावण्याआधी काही महिने थांबावे हा समजही सोडून द्यावा. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे लगेच मेण लावले तरी चालते. थांबण्याचा नियम अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागांसाठी आहे.

ऑक्टोबरमधले काम

मेण किंवा सीलंट (मेणासारखेच लावायचे कृत्रिम संरक्षक द्रव्य) नीट बसण्यासाठी तापमान १० अंशांच्या वर असावे लागते. टोरांटोच्या परिसरात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी एवढी ऊब बहुधा मिळते. नोव्हेंबर लागला की असा दिवस शोधावा लागतो. सावलीची जागा आणि थंड पत्रा हवा. अनेक शहरांत घरासमोर गाडी धुताना साबणाचे पाणी पावसाळी गटारात जाऊ देण्यास मनाई असते, म्हणून नाणी टाकून स्वतः गाडी धुण्याची जी केंद्रे असतात तेथे पहिली धुलाई उरकावी आणि पुढचे काम घरी आणून करावे.

धुण्यासाठी गाडीसाठीचाच शाम्पू घ्यावा. भांड्यांच्या साबणाने आधीचे मेण उतरते आणि रबरी पट्ट्यांचेही भले होत नाही. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी हातमोजा किंवा मायक्रोफायबरचे फडके खळबळण्यासाठी, म्हणजे निघालेली वाळू परत रंगावर जात नाही. सुरुवात टपापासून करून खाली यावे. चाके आणि दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवावा. गाडी पूर्ण वाळल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली तर ती बहुधा रेल्वेने किंवा ट्रकने येताना रुतलेल्या लोखंडी कणांची असते, आणि तेवढ्या भागावर भरपूर ओलावा ठेवून क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हाताने फिरवावा. सारे गुळगुळीत लागत असेल तर क्ले विकतच घेऊ नये, तेवढेच २० ते २५ डॉलर वाचतात.

आता संरक्षक थर. कार्नौबाचे नैसर्गिक मेण सुंदर तकाकी देते, पण खाऱ्या हिवाळ्यात ते दीड-दोन महिन्यांतच उतरू लागते. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त, साधारण चार ते सहा महिने टिकते, आणि ओल्या किंवा कोरड्या गाडीवर फवारून पुसायचे सिरॅमिक स्प्रे अलीकडे बरेच स्वस्त झाले आहेत. कॉलिनाइट कंपनीचे ८४५ क्रमांकाचे द्रवरूप मेण थंड प्रदेशातल्या गाडीप्रेमींमध्ये अनेक वर्षांपासून मानाचे आहे, कारण ते थंडीत चिवट टिकते आणि एक बाटली कित्येक हिवाळे पुरते. यांपैकी कोणतेही एक, २० ते ३० डॉलरच्या आतले, पुरेसे आहे. सवलतीसाठी कॅनेडियन टायर या दुकानाच्या साप्ताहिक जाहिराती पाहाव्यात. मायक्रोफायबरची फडकी कॉस्टकोत गठ्ठ्याने स्वस्त पडतात. थर अगदी पातळ लावावा, कारण जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास देतो. पहिला थर बसल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मागच्या बंपरवर आणि डिकीच्या दारावर आणखी एक थर द्यावा, कारण सर्वांत जास्त मीठ तेथेच बसते. दारे उघडून आतल्या चौकटीच्या खालच्या कडांवरही थर द्यावा. तो भाग बहुतेक जण विसरतात, आणि पाणी साचते ते नेमके तेथेच. संरक्षक थराचे खरे काम मीठ ‘अडवणे’ हे नाही. त्यामुळे घाण घट्ट चिकटत नाही आणि नुसत्या पाण्याच्या झोताने निघून जाते, म्हणजे हिवाळ्यात रंगाला हात लावण्याची वेळच कमी येते.

टवके

टवके बुजवण्यासाठी आपल्या गाडीच्या रंगाचा टचअप पेन ऑक्टोबरमध्येच आणून ठेवावा. रंगाचा संकेतांक बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो, आणि नुसते ‘पांढरा’ किंवा ‘राखाडी’ म्हणून आणलेला रंग जुळत नाही. टवका दिसला की तो भाग धुऊन वाळवावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मेणाचा अंश काढावा आणि दात कोरण्याच्या काडीच्या टोकाने रंगाचा अगदी लहान थेंब खळग्यात सोडावा. पेनचा ब्रश या कामाला फार जाड असतो आणि त्याने टवक्याभोवतीच्या चांगल्या रंगावर डाग पडतो. थेंब वाळला की खाली बसतो, म्हणून दोन-तीन पातळ फेऱ्या द्याव्या लागतात. शेवटी क्लिअरकोटचा थेंब. जवळून पाहिले तर ठिपका दिसेल, पण येथे हेतू सौंदर्याचा नसून पत्रा झाकण्याचा आहे, आणि तो साधला की काम झाले. ऐन जानेवारीत टवका उडाला व उबदार जागा मिळण्यासारखी नसेल, तर तो भाग स्वच्छ व कोरडा करून त्यावर मेणाचे बोट फिरवावे, दर धुलाईनंतर ते पुन्हा लावावे आणि पक्के काम वसंतावर सोडावे.

टवके कमी पडावेत म्हणून दोन स्वस्त उपाय आहेत. एक म्हणजे गाडीच्या मापाचे मडफ्लॅप, जे पुढच्या चाकांनी उडवलेली खडी दारांच्या खालच्या पट्टीवर आपटू देत नाहीत. दुसऱ्याला काहीच खर्च नाही : ४०१ सारख्या महामार्गावर मीठ टाकणाऱ्या किंवा खडी वाहणाऱ्या ट्रकच्या मागे भरपूर अंतर ठेवावे. पैसे उरले तर पारदर्शक संरक्षक फिल्मच्या लहान तयार पट्ट्या दारांच्या कडांना आणि मुठींच्या खळग्यांत लावाव्यात. संपूर्ण बॉनेटची फिल्म मात्र या खर्चात बसत नाही, आणि तिच्यासाठी कर्ज वाढवू नये.

हिवाळाभर काय करावे

पुण्या-मुंबईत रोज सकाळी बादलीभर पाणी आणि एक फडके घेऊन गाडी पुसून घेण्याची सवय असते, आणि धुळीच्या शहरात ती स्वच्छतेची खूण मानली जाते. ही सवय येथे नोव्हेंबर ते एप्रिल पूर्ण बंद ठेवावी. खारट, वाळूमिश्रित थरावर फडके फिरवणे, मग ते कोरडे असो वा ओले, म्हणजे रंगाला पॉलिशकागद लावणे आहे. बोटाने मिठाच्या थरावर नाव लिहिणाऱ्या मुलांनाही हे समजावून सांगावे. बर्फ झाडण्यासाठी रुंद फोमच्या डोक्याचा झाडू घ्यावा, तो २० डॉलरच्या आसपास मिळतो, आणि त्यानेही पत्र्याला टेकेपर्यंत न घासता वरचा बर्फ ढकलून शेवटचा पातळ थर तसाच राहू द्यावा. बर्फ खरवडण्याची पट्टी फक्त काचेसाठी आहे. पत्र्यावर गोठलेला बर्फ कधीही खरवडू नये, फावडे तर गाडीजवळही नेऊ नये.

साधारण दोन आठवड्यांतून एकदा, आणि मोठ्या हिमवर्षावानंतर रस्ते मिठाने पांढरे झाले की त्याआधीही, गाडी पाण्याच्या झोताने धुवावी. पारा शून्याच्या वर असलेली दुपार निवडावी. उणे १० अंशांत धुतलेल्या गाडीची दारे आणि कुलपे गोठतात. नाणी टाकण्याच्या केंद्रात आधी चाकांच्या कमानींच्या आत, मग दारांच्या खालच्या पट्टीखाली आणि बंपरच्या मागे झोत मारावा, शेवटी वरून खाली सर्व गाडीवर. नळीचे तोंड रंगापासून किमान एक फूट दूर ठेवावे, ताज्या टवक्यावर तर जवळून झोत मारूच नये. तेथे फेस येणारा जो मोठा ब्रश टांगलेला असतो त्याला हात लावू नये, कारण आधीच्या माणसाने त्यानेच खारा चिखल घासलेला असतो. याच कारणासाठी फिरत्या ब्रशांचे यांत्रिक धुलाई केंद्र टाळून, झोताने धुणारे ‘टचलेस’ केंद्र निवडावे व तळ धुण्याचा पर्याय असेल तर तो घ्यावा. धुऊन झाल्यावर दारे व डिकी उघडून रबरी पट्ट्या कोरड्या पुसाव्यात आणि त्यांवर महिन्यातून एकदा सिलिकोनचे वंगण लावावे.

इमारतीच्या भूमिगत पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यायला हवी. कडक थंडीत गंजण्याची क्रिया मंद असते; उबदार पार्किंगमध्ये खारा बर्फ वितळून रात्रभर ओला राहतो आणि तीच क्रिया वेग घेते. म्हणून अशा गाड्या जास्त वेळा धुवाव्यात. पार्किंगमध्ये पाण्याचा नळ नसला, तरी वाटेत केंद्रावर वाळू व मीठ झोताने काढून आल्यावर, नंतर न खळबळता वापरायच्या ‘रिन्सलेस’ द्रावणाच्या एका बादलीने उरलेला थर सुरक्षितपणे पुसता येतो. हा क्रम उलटा करू नये.

रंगाच्या पलीकडचा, पण त्याच्याशी जोडलेला खर्च तळाचा आहे. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल तर दर शरद ऋतूत तळावर व पोकळ भागांत गंजरोधक तेल फवारून घेणे, साधारण दीडशे डॉलरच्या आसपास, विक्रेत्याच्या पॅकेजपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावरील गाडीला त्याची गरज नाही. बॅटरीला जोडायचे ‘इलेक्ट्रॉनिक’ गंजरोधक यंत्र मात्र घेऊ नये, कारण त्यामागचे तत्त्व पाण्यात बुडालेल्या जहाजाला लागू पडते, हवेत असलेल्या गाडीला नाही. आणि कारखान्याची गंजाबद्दलची दीर्घ हमी वाचताना पाहावे की ती बहुधा आतून बाहेर पत्र्याला भोक पडण्यापुरती असते. खडीच्या टवक्यापासून सुरू झालेला गंज तिच्यात येत नाही.

एप्रिलमध्ये एक-दोन चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले गेले की पुन्हा दोन बादल्यांची पूर्ण धुलाई करावी. बॉनेटची पुढची कड, मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीवरील नंबरप्लेटच्या वरची पट्टी उजेडात बारकाईने तपासावी, तांबूस ठिपका दिसला तर तेवढाच भाग बारीक पॉलिशकागदाने साफ करून गंजरोधक प्रायमर व रंग लावावा, आणि ऑक्टोबरमधील उरलेल्या सीलंटचा एक थर उन्हाळ्यासाठी द्यावा.