रोमन भांड्यांचे कान, पाय आणि मुठी: शेतात सापडल्यावर या चुका टाळा

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला अखंड रोमन भांडे जवळजवळ कधीच मिळत नाही; मिळतात ते त्याचे सुटे भाग. बादलीची कडी ज्यात अडकते तो बैलाच्या तोंडाचा कान, सुरईच्या मुठीच्या बुडाशी असलेला मुखवटा, पसरट भांड्याच्या मुठीच्या टोकाचे मेंढ्याचे डोके, तळाला लावलेले चंद्रकोरीच्या आकाराचे छोटे पाय. भांड्याचे अंग बहुधा पातळ ठोकलेल्या पत्र्याचे असते आणि ते नांगराच्या फाळाखाली चुरगळून नाहीसे होते. हे भाग मात्र ओतीव, भरीव असतात आणि त्यांतले बरेचसे शिशाच्या डाखाने बसवलेले असल्यामुळे डाख सुटला की वेगळे पडतात. म्हणजे हातात आलेला कान हा बहुधा त्या भांड्याचा उरलेला एकमेव पुरावा असतो, आणि त्या पुराव्याचा मोठा हिस्सा मागच्या बाजूला असतो. गेली बारा वर्षे मी नवख्यांच्या हातून नेमकी हीच बाजू पुसली जाताना पाहतो आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घासणे. आपल्या मराठी माणसांना हे अधिक आग्रहाने सांगावे लागते, कारण तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख करण्याची सवय आपल्या हातात मुरलेली आहे. पूर्व इंग्लंडमधील एका शेतात आमच्या सोबत आलेल्या एका तरुणाला असाच बैलाच्या तोंडाचा कान मिळाला होता. जेमतेम चार सेंटिमीटर उंच, शिंगांच्या टोकांना बारीक गोळ्या, मानेमागे कडीचे वेटोळे, आणि डाव्या डोळ्याच्या खोबणीत मातीखाली लाल मीन्याचा, म्हणजे धातूवर बसवलेल्या रंगीत काचेचा, मोहरीएवढा कण. उजवी खोबण रिकामी होती. पाठीवर करड्या रंगाचा खडबडीत थर होता आणि तो डाख आहे हे मी त्याला तिथेच दाखवले होते. "जसा आहे तसा डबीत ठेव, माती काढू नकोस," असे मी बजावले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोटो पाठवला आणि फोनही केला: "काका, बघा किती लख्ख निघालं! रात्रभर चिंच-मिठात ठेवलं होतं."

तो कान नव्या नळासारखा गुलाबी-पिवळा चमकत होता. दोन हजार वर्षांत धातूवर तयार झालेला गुळगुळीत हिरवा थर, ज्यावर केसांच्या बटांच्या बारीक रेषा टिकून होत्या, तो चिंचेतल्या आम्लाने विरघळवून टाकला होता. मीन्याचा कण गळून पडला होता आणि तो पाण्यासोबत मोरीत गेला. पाठीचा डाखही खरवडला गेला होता. सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या बाईंनी तो हातात घेतला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर एवढेच सांगितले की डोळ्यांत मीना होता हे आता कोणाच्या तरी आठवणीवरूनच लिहावे लागेल.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही, कारण मिठातले क्लोराइड हे कांस्याचे खरे वैरी असते. ते धातूच्या छिद्रांत शिरले की दमट हवेत पुन्हा पुन्हा क्षरण घडवून आणते, आणि पृष्ठभागावर फिकट हिरव्या पिठासारखे ठिपके उमटू लागतात. त्या बैलाच्या कपाळावर ते ठिपके दोन महिन्यांत आले. तो तरुण मनाने वाईट नव्हता, त्याला फक्त धीर धरता आला नाही. पण वस्तूला आपल्या हेतूशी काही देणेघेणे नसते, म्हणून या बाबतीत मी कोणाचीही गय करत नाही.

ऑलिव्ह तेलात महिनाभर बुडवून ठेवण्याचा जो सोपा उपाय सांगितला जातो, तोही याच जातीचा आहे: तेलातील आम्ले हळूहळू तेच काम करतात. माझी स्वतःची सवय अशी आहे की मी शेतात वस्तूला बोट लावून पुसतही नाही. माती सैल असेल तेवढीच सावलीत वाळू देतो, वाळलेली माती आपोआप सुटली तर सुटू देतो, आणि वस्तू भोके पाडलेल्या पिशवीत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. ओली वस्तू बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणे म्हणजे क्षरणाला आमंत्रण देणे होय.

दुसरी चूक म्हणजे तोंडाचा फोटो काढून पाठीकडे न पाहणे. पाठीचा बाक हा त्या भांड्याच्या अंगाचा बाक असतो. मी जाड पुठ्ठ्यावर निरनिराळ्या व्यासांची वर्तुळे कापून ठेवली आहेत. ती पाठीला न घासता शेजारी धरून पाहिली की भांडे साधारण किती रुंद होते याचा अंदाज येतो, आणि पाठ सपाट निघाली तर ती वस्तू भांड्याची नसून पेटीची किंवा लाकडी सामानाची असण्याची शक्यता वाढते. कानाच्या वेटोळ्यात आतून वरच्या कडेला झीज दिसली तर तिथे भरलेल्या भांड्याची कडी वर्षानुवर्षे ताणली गेली, असे समजावे. सिंहाचे तोंड दिसले की रोमन म्हणून आनंदणाऱ्यांनी तर आधी पाठच पाहावी: तिथे एकसारख्या आट्यांचा स्क्रू किंवा तो बसवण्याची जागा असेल, तर ते अलीकडच्या शतकांतील कपाटाच्या कडीचे शोभेचे पान आहे. मीना आणि अडकवण्याचा आकडा असलेली प्रत्येक चकतीही रोमन नसते. रोमन सत्ता संपल्यानंतर ब्रिटनमध्ये टांगत्या वाडग्यांना अशाच चकत्या लावत असत.

मुठीचा लांब चपटा तुकडा मिळाल्यास त्यावरील अक्षरे शोधण्यासाठी सुईने टोकरू नये. इटलीतील कॅम्पेनिया भागात बनलेल्या अशा भांड्यांच्या मुठींवर सिपियस पॉलिबियससारख्या कारागिरांचे ठसे असतात, आणि तिरप्या उजेडात ते मातीसकट वाचता येतात. भांड्याच्या आतल्या बाजूला दिसणारा रुपेरी थर ही पुष्कळदा कथिलाची कल्हई असते. तिला चांदी समजून घासणारेही मी पाहिले आहेत.

जागेची नोंद ब्रिटनच्या नकाशावरील चौकटींच्या दहा अंकी संदर्भाने, म्हणजे एक मीटरपर्यंत, करावी. "मोठ्या झाडाजवळ" ही नोंद नव्हे.

खड्ड्यात एकापेक्षा अधिक भाग किंवा पत्र्याची कड दिसली, तर खणणे तिथेच थांबवून तज्ज्ञांना बोलवावे. विल्टशरमध्ये पेवसीजवळ 2014 मध्ये एकात एक ठेवलेली आठ भांडी मिळाली, आणि धातूच्या सान्निध्यामुळे त्यांच्यात पाने-फुलेही टिकून राहिली होती. घाईने झटकलेल्या मातीबरोबर असे अवशेष कायमचे जातात.

कायद्याबद्दल थोडक्यात. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागतेच, आणि संरक्षित स्मारकांवर खास संमतीशिवाय डिटेक्टर वापरता येत नाही. 1996 च्या ट्रेझर अॅक्टखाली, म्हणजे सापडलेल्या खजिन्याविषयीच्या कायद्याखाली, येऊ शकणारी वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते. कांस्याचा एकटा कान सहसा त्यात येत नसे, मात्र 2023 पासून असाधारण महत्त्वाच्या धातूच्या जुन्या वस्तूंनाही हा कायदा लागू झाला आहे. ज्यांना तो लागू नाही अशा वस्तूंची नोंद 1997 पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे स्वेच्छेने करता येते. स्वेच्छेची गोष्ट आहे म्हणून ती टाळणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही.

सुट्टीत भारतात गावी जाताना डिटेक्टर बॅगेत घालू का, असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती आणि रोमन घडणीची कांस्य सुरई सापडली, वडोदऱ्याच्या अकोट्यात इरोस या ग्रीक प्रेमदेवतेची आकृती असलेली सुरईची मूठ सापडली, हे ऐकून हा मोह होतो. तो आवरावा. भारतात संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उत्खनन करणे गुन्हा आहे, आणि 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घरातल्या विहिरीच्या कामात अशी मूठ योगायोगाने निघालीच, तर मजुरांना थांबवावे, वस्तू धुऊ देऊ नये, आणि ती निघाली त्या खोलीवर खड्ड्याच्या भिंतीत एक खूण रोवून ठेवावी.