गोणपाटावर आर्पियेरा कसा शिवायचा

चिलीत १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली, माणसं उचलून नेली. सान्तियागोतल्या ज्या बायकांचे नवरे-मुलं परतलेच नाहीत, त्या चर्चच्या आधाराने एकत्र बसून चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. तेच आर्पियेरा. मी शिकवते तेव्हा पहिली अट असते: नवीन कापड आणायचं नाही. त्यांच्यातल्या काहींनी बेपत्ता माणसाच्याच शर्टाचे तुकडे लावले होते.

वाण्याकडून धान्याचं रिकामं पोतं आणा. तागाचं, प्लास्टिकचं नव्हे. धुऊन, दमट असतानाच इस्त्री करा. दीड फूट बाय सव्वा फूट तुकडा कापून कडा लगेच दुमडून शिवा, गोणपाट भराभर उसवतं.

विषय मोठा नको. ‘स्त्रीवरचा अन्याय’ शिवता येत नाही, टँकरपुढची हंड्यांची रांग येते. त्या बायकांनीही सगळ्या वस्तीचं एकत्र शिजणारं पातेलं शिवलं. खडूने आखून वरून खाली या: आकाश, डोंगर (तिकडे बहुधा अँडीज, तुमच्याकडे समोरची चाळ असेल तर चाळ), घरं, रस्ता. कडा आत मुडपून धावदोरा घाला. टाका वाकडा गेला तर जाऊ द्या, सैल मात्र नको.

माणसं शेवटी, आणि सावकाश. दोन इंचांचा गोल कापा, कडेने धावदोरा घालून ओढा, आत कापूस भरून गाठ मारा: झालं डोकं. अंगाला कापडाची सुरळी, केसांना काळी लोकर. बाहुली सपाट चिकटवू नका. पाठीकडून चार टाके घातले की ती उठून उभी राहते. आमच्या सासूबाई पहाटे नळावर जायच्या, म्हणून माझ्या रांगेतल्या पहिल्या बाईला त्यांच्याच इरकलीचा काठ आहे. पाहुण्यांना कळत नाही, नणंदेला पहिल्या नजरेत कळला.

मागे अस्तर लावून त्यावर छोटा खिसा शिवा. चिलीतल्या कित्येक आर्पियेरांना असा खिसा असे, त्यात चित्रातल्या प्रसंगाची चिठ्ठी. जिवाच्या भीतीने बऱ्याच जणी नाव घालत नसत. तुम्हाला ती भीती नसेल तर चिठ्ठीत नाव, गाव, तारीख लिहा. ‘घरचंच तर काम’ म्हणून बिननावी सोडायचं नाही.

चारही कडांना लोकरीची क्रोशाची साखळी घाला, वर दोन नाड्या लावून टांगा. काचेची फ्रेम करू नका, खिशात हात जाणार नाही.