इग्वाना पाळताय? ऊन आणि डी-३ च्या या चुका टाळा

"दादा, पिंजरा खिडकीतच आहे, दिवसभर ऊन येतं." घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून असा फोन आला की माझा प्रश्न ठरलेला: काच उघडी असते का? कधीच नसते. बाहेर धूळ, आत एसी.

काचेतून उजेड येतो, ऊब येते. उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण मात्र काचेतच अडकतात. आणि कातडीत डी-३, म्हणजे अन्नातलं कॅल्शियम अंगी लागू देणारं जीवनसत्त्व, तयार व्हायला तेच लागतात. हे मी वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझी पहिली इग्वाना (हा एक मोठा सरडाच) सात महिने स्लायडिंगमागे ताणून द्यायची आणि मी कौतुकाने फोटो काढायचो. एके दिवशी तिने जास्वंदीचं फूल तोंडात धरलं, पण चावता येईना. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा लवला. पायाची बोटं थरथरत होती. एक्स-रेत हाडं इतकी फिकट की डॉक्टर फिल्म उजेडाला धरून नुसते बघत राहिले. जगली, पण जबडा वाकडा तो वाकडाच.

आता गॅलरीत जाळीचा पिंजरा, सकाळी नऊपासून, निम्म्यावर ओलं गोणपाट. हे निम्मं गोणपाट कोणी विसरू नका. पँथर शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्यावर प्रयोग झालेत, निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले: खाण्यातून डी-३ कमी मिळालेले यूव्हीबीत जास्त वेळ बसले, भरपूर मिळालेले कमी. म्हणजे ऊन किती घ्यायचं ते तो स्वतःच ठरवतो. इग्वाना तर पाल्यावर जगते, पाल्यात डी-३ जवळजवळ नसतंच. तिची भिस्त उन्हावर. पण सावलीत सरकायची सोय तुम्हीच करायची.

दुसरी चूक, घाईवाल्यांची: लहान मुलांचे डी-३ चे थेंब. ऐरोलीच्या एकाने "आठवड्यात फरक दिसू दे" म्हणून डबल डोस चालू केला होता. अहो, हाड आठवड्यात बनतं का? कातडीत जास्तीचं बनू लागलं तर तेच ऊन त्याचं निरुपयोगी द्रव्यात रूपांतर करतं. तोंडातून दिलेल्याला असा ब्रेक नाही. डी-३ जास्त झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं. थेंब डॉक्टर सांगतील तेव्हाच, तेवढेच.

काचेची टाकी उन्हात ठेवू नका, भट्टी होते.

रोज पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. शेवग्याचा पाला द्या.

घरात उन्हाऐवजी यूव्हीबीची ट्यूब लावत असाल, तर ती पेटते म्हणजे यूव्हीबी देते असं नाही. मी टोकाला मार्करने तारीख लिहितो आणि दर मे महिन्यात, पावसाळ्याआधी, बदलतो. ट्यूबखाली बारीक जाळी असेल तर निम्मा फायदा गेला.

येऊरच्या जंगलातून सरडा उचलून आणणाऱ्यांनी मला फोनच करू नये. १९७२ चा वन्यजीव कायदा वाचावा. इग्वानाचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

माझी ती वाकड्या जबड्याची अजून आहे. साडेदहाच्या सुमारास स्वतःच उठून गोणपाटाखाली जाते.