सामानगडाच्या बंडाला स्वतंत्र नोंद द्यायची का?

कोशाच्या कामात मी नवा होतो तेव्हा छाननीसाठी आलेलं पहिलं शीर्षक होतं 'गडकऱ्यांचे बंड, १८४४'. अर्ध्या तासात शेरा मारून मोकळा झालो : 'स्थानिक घटना. कोल्हापूर संस्थानच्या नोंदीत दोन ओळी पुरेत.' दुसऱ्या दिवशी कागद परत आला. वरिष्ठांनी समासात लाल शाईने एवढंच विचारलं होतं, 'हे मत कोणाचं?'

माझं नव्हतंच ते. गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला प्रादेशिक माहितीग्रंथ, वाचून त्याचाच सूर मी उचलला होता.

बंडाची हकिकत अशी. कोल्हापूरचा राजा अल्पवयीन, कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती. गड राखण्याच्या बदल्यात गडकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनी होत्या. त्या मामलेदारांच्या अखत्यारीत जाणार म्हटल्यावर गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचे दरवाजे बंद झाले. मग भुदरगड उठला, पन्हाळा उठला, लोण सावंतवाडीत पोचलं. कर्नल ओव्हान्स नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यालाच बंडवाल्यांनी पन्हाळ्यावर कैद करून ठेवलं. ऑक्टोबरात सामानगड पडला, १ डिसेंबरला पन्हाळा. दोन संस्थानं हलवणाऱ्या प्रकरणाला मी 'स्थानिक' म्हणत होतो!

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. फेरविचार करताना मी ऐटीत लिहिलं, 'तीन ग्रंथांत सविस्तर माहिती.' तिन्ही शेजारी उघडून ठेवल्यावर घटनांचा क्रम तोच, विशेषणंही तीच. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरच्या तळटिपा पाहिल्या तर बोट मेजर ग्रॅहम या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८५४ च्या अहवालाकडे. तिसऱ्याने गॅझेटिअर उतरवलेलं. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही सरकारी. तेव्हापासून माझी सवय झाली आहे : ग्रंथ मोजायच्या आधी तळटिपा वाचायच्या. नव्या मंडळींनीही हेच करावं, कंटाळवाणं असलं तरी.

वेगळा साक्षीदार म्हणून ल ग्रँड जेकब सापडला. बंड ओसरल्यावर सावंतवाडीचा कारभार त्याच्याकडे आला आणि पुढे १८७१ मध्ये त्याने आठवणी छापल्या. तोही साहेबच, पण ग्रॅहमची नक्कल नाही. गडकऱ्यांचं म्हणणं ऐकायचं तर मात्र कोल्हापूरच्या पुरालेखागारातले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, उघडायला लागतात. मोडी येत नसेल तर आजच शिकायला घ्या. माझं अजूनही अडखळतच चालतं.

पण कागद भरपूर आहेत म्हणून नोंद द्यायची, असंही नाही. मी एक साधी कसोटी लावतो : ही घटना कोशातून काढून टाकली तर शेजारच्या किती नोंदी लंगड्या होतात? 'पन्हाळा', 'सामानगड', 'भुदरगड' या नोंदींत तटबंदी का पाडली ते सांगता येत नाही. 'गडकरी' ही वतनी व्यवस्था कशी संपली ते कळत नाही. 'सावंतवाडी संस्थान'मध्येही भोक पडतं. एवढं झाल्यावर मी माझा शेरा स्वतःच खोडला.

मग शीर्षकाचं भांडण. ग्रॅहमला ते बंडच दिसणार. 'उठाव' लिहिलं की आपण बाजू घेतली असं काहींना वाटतं. माझ्या मते 'बंड' लिहिणंही बाजू घेणंच आहे, फक्त जुनी. शेवटी 'गडकऱ्यांचा उठाव' ठरलं आणि 'बंड' शोधणाऱ्यासाठी तिथून 'पहा' अशी सूचना ठेवली. अकारविल्हेत नुसतं 'गडकरी' उघडणाऱ्याला आधी राम गणेशच भेटतात, त्याला इलाज नाही.

शब्दमर्यादा मागितली होती सहाशे, मिळाली तीनशे. ओव्हान्सच्या कैदेला त्यातली एकच ओळ दिली, जमिनींच्या तक्रारीला अख्खा परिच्छेद.