गोबरगॅसला गॅस येईना? या चुका टाळा

गावातून एक चक्कर मारली की दोन-चार घरांमागे तरी बंद पडलेला गोबरगॅस दिसतो. घुमटावर कडबा रचलेला, पचलेलं शेण बाहेर येतं त्या निकास टाकीत पावसाचं पाणी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वर्षभर छान चालला, मग गॅसच येईना." मला याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा बांधकाम ठणठणीत असतं. बिघडलेलं असतं ते आतलं पचन.

पचन हा शब्द मुद्दाम वापरलाय. हवा न लागता टाकीत जिवाणू शेण कुजवतात. एक जमात त्याची आम्लं करते, दुसरी ती आम्लं खाऊन मिथेन हा जळणारा वायू सोडते. तयार गॅसमध्ये साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मिथेन करणारे जिवाणू जनावराच्या पोटातूनच शेणाबरोबर येतात, म्हणून शेणाच्या टाकीला वेगळं विरजण लागत नाही. पण ही दुसरी जमात नाजूक आणि संथ. बहुतेक चुका तिच्याच जिवावर उठतात.

सुरुवात होते टाकीच्या मापापासून. 2 घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे 50 किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार ते सहा जनावरं. अनुदान मिळतंय म्हणून मोठी टाकी बांधायची, पुढे बैल विकायचे आणि एका गाईच्या शेणावर तीच चालवायची, हे जमत नाही. 1 किलो शेणापासून साधारण 40 लिटर गॅस मिळतो आणि एक शेगडी तासाला साडेचारशे लिटरच्या आसपास खाते. एका गाईचं दिवसाचं शेण 10 किलो धरलं तरी तासभरसुद्धा शेगडी पेटणार नाही. आज दावणीला आहेत तेवढीच जनावरं मोजा.

मग येतो काला, म्हणजे शेण-पाण्याचं मिश्रण. जेवढं शेण तेवढंच पाणी, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण पाटी आणली आणि सरळ ओतली असंच बहुतेक ठिकाणी चालतं. शेण हाताने कालवून बघा. बोटांना गुठळ्या लागतात, उसाचं पाचट, चिपाडं, खालचे खडे लागतात. खडे तळाशी साचून टाकीची जागा खातात. काडीकचरा वर तरंगतो, त्याची जाड साय धरते आणि ती वाळली की गॅस खाली अडकतो. काडी वेचून, गुठळ्या फोडूनच काला आत सोडा. साय धरलीच असेल तर लांब बांबूने आवक आणि निकास अशा दोन्ही तोंडांतून ढवळा. तरंगती लोखंडी टोपी असेल तर ती रोज थोडी फिरवली तरी पुरतं. उलट चूकही होते. गोठा धुतलेलं सगळं पाणी टाकीत सोडलं की शेण पचायच्या आतच बाहेर ढकललं जातं.

आमच्या शेजारच्या काकूंकडे वास्तुशांत झाली. उरलेला भात आणि बुंदी वाया जायला नको म्हणून त्यांनी टाकीत घातली. दोन दिवस गॅस जोरात आला, मग ज्योतच धरेना. निकास टाकीजवळ गेलो तर नासलेल्या ताकासारखा आंबट वास. गोड आणि पिठूळ अन्नावर आम्ल करणारी जमात सुसाट सुटते, मिथेनवाली मागे पडते आणि साचलेल्या आंबटपणात तिचं काम थांबतं. आम्ही आठ दिवस टाकी उपाशी ठेवली, चुन्याची निवळी थोडी थोडी घातली, दुसऱ्या चालू टाकीतली दोन बादल्या स्लरी (पचलेला पातळ काला) आणून ओतली आणि अर्ध्या मापाने शेण सुरू केलं. तीन आठवड्यांनी निळी ज्योत परत आली. खरकट्यावर गॅस होत नाही असं नाही. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने त्यासाठीच छोटं संयंत्र तयार केलं. पण तिथेही सुरुवात शेणाने करतात आणि अन्न रोज थोडं थोडंच घालतात.

टाकीला संडास जोडायला हरकत नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्यापासून गॅस केला होता. फक्त फिनेल आणि संडास धुण्याचं ॲसिड त्या वाटेने जाऊ देऊ नका. गोठ्यात फिनेल मारलं असेल तर त्या दिवसाचं पाणीही बाहेरच काढा.

कधी गॅस असतो, पण पेटत नाही. नवी टाकी असेल तर पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि हवा असतो, तो मोकळ्यावर सोडून द्या. ज्योत भकभक करत असेल तर पाइपात पाणी साचलंय. गॅस ओला येतो आणि पाइपाला जिथे झोळ पडलाय तिथे पाणी धरतो. पाइपाला सरळ उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा आणि तो आठवड्यातून एकदा उघडा. सिलिंडरची शेगडी तशीच जोडू नका, तिचं भोक या गॅसला बारीक पडतं. गळती शोधायला सांध्यांना साबणाचा फेस लावा. काडी पेटवून बघणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका.

थंडीत गॅस कमी होणारच, कारण या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब लागते. पहाटेच्या गार पाण्याऐवजी उन्हात तापलेल्या पाण्याने दुपारी काला करा आणि घुमटावर पाचटाचा जाड थर घाला.

आणि टाकी कितीही रिकामी दिसली, तरी साफ करायला कुणालाही आत उतरवू नका. आतला वायू काही क्षणांत शुद्ध हरपवतो आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. झाकणं उघडून, पंप लावून गाळ वरूनच काढा.