स्ट्रायकर पोरीची वही कशी ठेवायची

पोरगी फुटबॉलमध्ये स्ट्रायकर, म्हणजे पुढं राहून गोल मारणारी असेल, तर निवड करणाऱ्यांना दाखवायला तिच्या खेळाची नोंद हवी. दोनशे पानी वही घ्या, पण त्यात पहिला गोल लिहायच्या आधी पोरीचा जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवा. आमच्या सीमाभागात हा घोळ हमखास असतो. शाळा मराठी, कचेरी कन्नड, आधार इंग्रजीत. एकाच पोरीची तीन स्पेलिंगं. माझी भाची एका निवड चाचणीला खानापूरहून पहिल्या बसने गेली. बाकीच्या पोरी वॉर्मअप करत होत्या आणि ती टेबलापाशी उभी, का तर आधारवर आडनाव होतं, फॉर्मवर नुसतं आद्याक्षर. ते आधी दुरुस्त करून घ्या.

आता सामने. ‘दोन गोल, जिंकलो’ एवढ्यावरून कुणाला काही कळत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ब्राझीलच्या महिला संघाने भारताला ६–१ हरवलं, तरी आपल्या मनीषा कल्याणचा आठव्या मिनिटाचा गोल लोक विसरले नाहीत, कारण समोर ब्राझील होता आणि त्या गोलाने १–१ झालं. म्हणून प्रत्येक गोलापुढं लिहा: कुणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला, तेव्हा स्कोअर काय, कुठल्या पायाने. गोल झाला नाही तरी किती मिनिटं खेळली ते लिहाच.

व्हिडिओचं मला उशिरा कळलं. मी फक्त गोल कापून ठेवायची. एका कोचनी ते बघितले आणि विचारलं, “चेंडू नसताना ही काय करते?” दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं. तेव्हापासून मोबाईल आडवा, मधल्या रेषेसमोर उंचावर, एक अख्खा हाफ न कापता. बेळगावचा पाऊस म्हणजे पारदर्शक पिशवी लागतेच. पाठवायची क्लिप तीन मिनिटांची करा, पण गोलाच्या आधीचे सात-आठ सेकंद ठेवा. बचावपटूच्या पाठीमागून ती कधी सुटली, हे तिथंच दिसतं. सुरुवातीला जर्सीचा रंग आणि नंबर सांगा.

क्लिप पाठवली की काम झालं असं समजू नका. बाला देवीने जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी अठरा महिन्यांचा करार केला, पण त्याआधी ग्लासगोला जाऊन तिने चाचणी दिली होती, आणि तेव्हा ती भारताची नावाजलेली स्ट्रायकर होती.

सोशल मीडियाचं खातं घरच्या मोठ्या माणसाने चालवावं. वयोगट, मैदानावर कुठल्या जागी खेळते, कुठल्या पायाने, संघ एवढं पुरे. शाळेचं नाव, बसची वेळ, पोरीचा फोन नंबर अजिबात नको. निवडीसाठी कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. कोल्हापूरच्या संघाकडून बोलावणं आलं, तर कर्नाटकातली नोंदणी कुठल्या क्लबकडं आहे ते बघून बदलीचे कागद आधी करा, मगच मैदानात उतरवा.

आणि वही पोरीच्या हातात द्या. परवा मी ‘ऑफसाइड, तीनदा’ असं लिहिलं होतं, म्हणजे पास सुटताना ती बचावपटूंच्या पुढं गेलेली होती. भाचीने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘मावशी, दोनदा मी लवकर पळाले. तिसऱ्यांदा पास उशिरा आला.’